मच्छिंद्र कांबळी: मालवणीला हसणाऱ्यांना मालवणीतूनच हसवणारा माणूस

दर ३० सप्टेंबरला मोबाईलवर 'वस्त्रहरण'च्या क्लिप फिरू लागतात. तात्या सरपंच कुणाला तरी झापतोय आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग. याच दिवशी २००७ मध्ये मच्छिंद्र कांबळी गेले. तिशीच्या आतल्या अनेकांनी त्यांना रंगमंचावर कधीच पाहिलेलं नाही, तरी त्यांचा आवाज ओळखीचा आहे. हे कसं झालं? आणि त्यांनी नेमकं केलं काय?

कोण होते मच्छिंद्र कांबळी?

जन्म १९४७ चा. गाव मालवण तालुक्यातलं रेवंडी. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली, तेव्हा नाव दिलं गावच्या देवीचं: भद्रकाली. 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा', 'वय वर्षं पंचावन्न' अशी त्यांची मालवणी नाटकं गाजली. पण ओळख कायमची जडली ती तात्या सरपंचाशी.

'वस्त्रहरण'मध्ये असं काय होतं?

गंगाराम गवाणकर यांचं हे नाटक १९८० मध्ये रंगमंचावर आलं. गोष्ट साधी. कोकणातल्या एका गावात हौशी मंडळी महाभारतातल्या वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि प्रत्यक्ष प्रयोगात सगळा गोंधळ उडतो. पात्रं भांडतात, भूमिका विसरतात, गावचे हेवेदावे थेट हस्तिनापुरात शिरतात. हे सगळं सांभाळायची धडपड करणारा माणूस म्हणजे तात्या सरपंच.

सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मनापासून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि वारं फिरलं. पुढे प्रयोगांचा आकडा ५,००० च्या वर गेला. नाटक लंडनलाही जाऊन आलं.

ही विनोदाची जात आली कुठून?

उत्तर दशावतारात आहे. सिंधुदुर्गात तुळशीच्या लग्नानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटकं रंगतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं, बोलायचं ते जागेवर सुचेल तसं. स्त्री-भूमिकाही पुरुषच करतात. त्यामुळे पुराणातला राजा एकदम गावच्या भाषेत टोमणा मारतो, यात इथल्या प्रेक्षकाला काहीच नवल वाटत नाही. कांबळींच्या हजरजबाबीपणाला, समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेत बोलण्याला, हीच माती होती.

मग मोठेपण कशात?

त्याआधी मराठी नाटक-सिनेमात मालवणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा 'रामा गडी' असायचा. घरकामाला ठेवलेला, भोळा, त्याच्या बोलण्यावर शहरी मालकांनी हसायचं. खऱ्या मुंबईतही फार वेगळं नव्हतं. लालबाग-परळच्या चाळींतला चाकरमानी खोलीत 'माका', 'तुका', 'खंय', 'कित्याक' म्हणायचा. बाहेर पडला की 'मला', 'तुला', 'कुठे', 'कशाला'. गावची भाषा दाराआड ठेवायची वस्तू झाली होती.

कांबळींनी ती मुख्य पात्राच्या तोंडी दिली. अख्खं नाटक मालवणीत. त्यामुळे हसणं तेच राहिलं, पण त्याची दिशा बदलली. आता मालवणी माणूस स्वतःच्या भांडकुदळपणावर, मानपानावर स्वतःच हसत होता आणि शेजारच्या खुर्चीतला पुणेकर, नागपूरकर ती भाषा समजून घ्यायला कान टवकारत होता. भाषेची लाज जायला याहून चांगला उपाय कुठला?

नुसत्या शिव्यांमुळे चाललं का?

तीस सेकंदांच्या क्लिप पाहून तसं वाटू शकतं. पण मालवणी बोलण्यात शिवी बऱ्याचदा रागाची नसते, सलगीचीही असते. कुणाला, कुठल्या सुरात, किती थांबून, यावर तिचा अर्थ ठरतो. तात्या चिडतो तो नाटक बुडू नये म्हणून. गावाची अब्रू त्याला स्वतःची वाटते. हा जिव्हाळा क्लिपमध्ये कापला जातो आणि उरते फक्त शिवी. नंतर अनेकांनी शिवी उचलली, जिव्हाळा राहून गेला.

त्यांच्यानंतर काय?

मुलगा प्रसाद कांबळी यांनी 'भद्रकाली' चालू ठेवली. 'संगीत देवबाभळी' याच संस्थेचं. टीव्हीवर 'रात्रीस खेळ चाले' आणि 'गाव गाता गजाली' या मालिकांतून मालवणी घराघरांत पोचली. त्या भाषेला प्राइम टाइममध्ये जागा मिळाली, त्यामागे नाट्यगृहांत आधीच तयार झालेला हा कान होता.

म्हणून पुढची क्लिप फॉरवर्ड करण्याआधी एकदा अख्खं नाटक बघा. आणि घरात कुणी मालवणी बोलणारं असेल, तर त्यांच्याशी मालवणीतच बोला. चुकलात तर हसतील, पण ते हसणं आपल्या माणसाचं असेल.