कानावरची दुखरी गाठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोदाकाठची थंडी निफाडजवळच्या सायखेड्याला नवी नाही. रात्री वीज आली की कानटोपी ओढून कांद्याला पाणी द्यायला जायचं आणि परत येऊन नेहमीच्या कुशीवर आडवं व्हायचं. अशा वेळी कानाच्या वरच्या कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ असेल, तर कान उशीला टेकताच कळ उठते आणि झोप उडते. डॉक्टरी भाषेत या दुखण्याला ‘काँड्रोडर्मटायटिस नोड्युलॅरिस हेलिसिस’ म्हणतात. १९१५ मध्ये माक्स विंकलर या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून ‘विंकलरचा आजार’ हेही त्याचं नाव. दुखणं जुनंच आहे, पण त्याविषयीचे समज अजून चुकीचे आहेत.

गैरसमज: उष्णतेची पुळी आहे, फोडली की बसेल.
वस्तुस्थिती: पुळीत पू असतो, या गाठीत नसतो. कानाच्या कडेला कातडी आणि कूर्चा (कानाला आकार देणारा लवचीक भाग) यांच्यामध्ये चरबीची गादी जवळजवळ नसतेच, रक्तवाहिन्याही बारीक. रात्रभर डोक्याचा भार त्यावर पडला की रक्तपुरवठा कमी पडतो, कूर्चा दुखावते आणि वरच्या कातडीवर खपली धरते. वर्षानुवर्षांचं ऊन आणि कडाक्याची थंडी यांचीही त्यात भर पडते. गाठ फोडली किंवा खपली ओरबाडली, तर जखम चिघळते. चुना, चीक लावूनही तेच होतं. कानाच्या खालच्या मऊ पाळीत कूर्चा नसते, म्हणून ही गाठ तिथे येत नाही.

गैरसमज: फक्त म्हाताऱ्यांना होते.
वस्तुस्थिती: चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पुरुषांत, ती जास्त दिसते हे खरं. पण तासन् तास कानाला दाबून धरलेला फोन, हेडफोन, घट्ट हेल्मेट, श्रवणयंत्र यांमुळे तरुणांनाही होऊ शकते. बायकांमध्ये ती बऱ्याचदा कडेच्या आतल्या उंचवट्यावर येते.

गैरसमज: बरी होत नाही, म्हणजे कॅन्सरच. किंवा उलट: दुखते, म्हणजे कॅन्सर नाहीच.
वस्तुस्थिती: दोन्ही निष्कर्ष घाईचे. या गाठीचा कॅन्सर होत नाही. मात्र उन्हात राबणाऱ्यांच्या कानावर त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो आणि तो सुरुवातीला असाच दिसू शकतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, “कोणत्या कुशीवर झोपता?” झोपण्याची बाजू आणि गाठीची बाजू एकच, दाबल्यावर तीव्र कळ, मधोमध खपली, एवढ्यावरून बहुतेक वेळा निदान होतं. शंका उरली तर बायोप्सी करतात, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासतात. बुगडी किंवा भिकबाळीसाठी टोचलेल्या जागी वाढलेला व्रण, युरिक ॲसिड साठून झालेली संधिवाताची गाठ यांचाही विचार होतो.

गैरसमज: कापून टाकली की संपलं.
वस्तुस्थिती: दाब तोच राहिला तर गाठ पुन्हा येते. म्हणून पहिला उपचार उशीचाच. कूस बदला. ते जमत नसेल तर स्पंजच्या उशीला मधोमध कान मावेल एवढं भोक पाडा, म्हणजे कान अधांतरी राहील. नुसती मऊ उशी पुरत नाही, कारण कान तिच्यातही दबतोच. पूर्ण उतार पडायला आठवडे, कधी महिने लागतात, तेवढा धीर धरावा. उन्हात रुमाल आणि थंडीत सैल कानटोपी वापरावी. गरज वाटल्यास डॉक्टर मलम किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया त्यानंतर, आणि तीत दुखावलेली कूर्चा काढतात.

गाठ झपाट्याने वाढली, वारंवार रक्त आलं, व्रण पसरला किंवा दाब काढूनही काही आठवड्यांत थोडाही फरक दिसला नाही, तर मात्र घरी थांबू नका. निफाड किंवा नाशिक गाठून त्वचारोगतज्ज्ञाला अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दाखवताना, रोज कोणत्या कुशीवर झोपता, ते आठवणीने सांगा. निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.