थकबाकी कोणत्या महिन्याच्या कर्जाची?

महिला गटांना छोटी कर्जे देणाऱ्या बँकांमध्ये एका आकड्याला फार मान असतो: तीस दिवसांहून जास्त थकलेल्या कर्जांचे एकूण येणे बाकीशी प्रमाण. तो उतरला की वसुली सुधारली असे धरले जाते. माझ्या मते हा विश्वास घातक आहे. समजा, येणे बाकी 10 कोटी आणि त्यातली 50 लाखांची कर्जे थकीत, म्हणजे 5 टक्के. वर्षभरात झपाट्याने वाटप करून बाकी 20 कोटींवर नेली आणि थकीत कर्जे 80 लाखांवर गेली, तर प्रमाण 4 टक्के. थकबाकी 30 लाखांनी वाढली, तरी कागदावर सुधारणा झाली! छेदात शिरलेल्या नव्या कर्जांना थकायला अजून वेळच मिळालेला नसतो, एवढेच त्याचे रहस्य.

हे उघडे पाडायला एक साधा तक्ता पुरतो. प्रत्येक ओळ म्हणजे एका महिन्यात वाटलेल्या कर्जांची तुकडी, प्रत्येक रकाना म्हणजे कॅलेंडरचा एक महिना, आणि चौकटीत त्या तुकडीचा थकीत भाग. जितका जास्त, तितका गडद लाल रंग. एखादी ओळ तिच्या आधीच्या ओळींपेक्षा वाटपानंतर लवकर लाल होऊ लागली, तर त्या वाटपाच्या महिन्यात कर्जदार पारखताना ढिलाई झाली, असा पहिला संशय घ्यावा. उलट, एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत जुन्या-नव्या सगळ्या तुकड्या एकदम लाल झाल्या, तर घाव बाहेरून आलेला असतो. ऑक्टोबर 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारच्या सूक्ष्मवित्त संस्थांवरील अध्यादेशानंतर तिथली वसुली कोसळली. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर विदर्भात हप्ते अडले. अशा वेळी चांगले पारखलेले कर्जही थकते. ढिलाई आणि बाहेरचा घाव, या दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. आडवा पट्टा दिसला तर वाटपाची रीत सुधारायची. उभा दिसला तर कर्जदार बाईला मुदत द्यायची. एका टक्केवारीत हे दोन्ही पट्टे विरघळून जातात आणि दोन्ही वेळी एकच हुकूम सुटतो, वसुली वाढवा. त्याचा भार शेवटी जिच्या घरात त्या आठवड्यात पैसाच आलेला नाही, तिच्या दारात जाऊन पडतो. मला हा तक्ता महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

दर आठवड्याला गटांच्या बैठकीच्या केंद्रावर बसणाऱ्या फील्ड ऑफिसरला हे सगळे तक्त्याविना कळते, असे कुणी म्हणेल. त्याला आपली केंद्रे खरोखर कळतात. पण शेजारच्या तालुक्यातही तेच घडते आहे का, हे त्याला त्याच्या वहीतून दिसत नाही. शिवाय वाटपाचे लक्ष्य त्याच्याच डोक्यावर असेल, तर वाईट बातमी वर पोचवण्याची घाई त्याला कशी असणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हेच रंग गावांच्या नकाशावर भरले, तर लाल झालेल्या गावाला पुढे कर्जच मिळणार नाही. ही भीती रास्त आहे. म्हणूनच गावांचा रंगीत नकाशा आधी काढू नये. पट्टा आडवा की उभा हे ठरल्याशिवाय गावाचे नाव निर्णयाच्या टेबलावर येऊच नये.

तिसरी अडचण मात्र रंगांनी सुटत नाही. गटाची जबाबदारी सामाईक असल्याने एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या वर्गणी काढून तो भरतात. बँकेच्या नोंदीत थकबाकी शून्य आणि चौकट पांढरीशुभ्र. काही जणी दुसऱ्या संस्थेचे कर्ज उचलून पहिलीचा हप्ता भरतात, तेव्हाही तेच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. पण उत्पन्नाचा आकडा अंदाजाने भरला असेल तर ही मर्यादाही कागदावरच राहते. त्यामुळे वसुलीच्या नोंदीत आणखी एक रकाना हवा: हप्ता तिने स्वतः भरला, की गटाने. तो भरायला केंद्रावर फारसा वेळ लागत नाही. आणि गटाने भरलेल्या हप्त्यांना फिकट पिवळा रंग दिला, तर ओळ लाल होण्याआधीच ती पिवळी पडताना दिसेल.