वेगवान मोटारींना इलेक्ट्रॉनिक साहाय्य हवे काय?

स्पोर्ट्स कार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगवान मोटारींच्या शौकिनांत एक मत फार जुने आहे. अशी गाडी चालकाच्या हाताची व पायाची असते, यंत्राने मध्ये पडू नये, असे ते मत होय. अमेरिकेत १९९२ साली विक्रीस आलेली डॉज वायपर ही गाडी याच विचारातून घडली होती. आठ लिटरचे दहा सिलिंडरांचे इंजिन; पण चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा नाही, अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहीत. दारांना बाहेरून कड्यादेखील नव्हत्या!

या मताची पारखणी करण्यापूर्वी यंत्रणा काय करते हे पाहणे अगत्याचे आहे. ब्रेक जोराने दाबला असता चाक जखडते व फिरण्याऐवजी घसरू लागते. घसरत्या चाकाने गाडी वळत नाही. चाकाजवळील संवेदक हे ओळखतो आणि यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडते व पुन्हा देते. हीच ए.बी.एस.; १९७८ साली ती जर्मनीतील मर्सिडीज गाड्यांत आली. त्याच देशात १९९५ साली आलेली स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा याच्याही पुढे जाते. चालकाने स्टिअरिंग किती वळविले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळत आहे, याची ती सतत तुलना करते. शेपूट बाहेर फेकले जाऊ लागले तर बाहेरच्या बाजूचे केवळ पुढचे चाक रोखून ती गाडी सरळ करते. येथेच वादाचे मर्म आहे. चालकाच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते. कितीही निष्णात झाला तरी चारांपैकी एकच चाक त्याला रोखता येत नाही.

१९९८ साली जर्मनीत आलेल्या ऑडी टीटी या देखण्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. अतिवेगात एकाएकी मार्गिका बदलताना किंवा वळणावर तिचा तोल जाऊन अपघात झाले, काही प्राणघातक ठरले. तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांना मागील बाजूस वायुरोधक पट्टी बसविली, सस्पेन्शनमध्ये फेरफार केले आणि स्थैर्य-नियंत्रण यंत्रणाही दिली. केवळ इलेक्ट्रॉनिक उपायावर भागविले नाही, हेही लक्षात घ्यावे.

फॉर्म्युला वन शर्यतींत १९९४ पासून अशा अनेक साहाय्यांवर बंदी आली, हा दाखला विरोधक देतात. परंतु शर्यत ही चालकाच्या कौशल्याचीच परीक्षा असते, आणि तेथील मार्गावर सायकलस्वार, बैलगाडी वा शाळेची मुले येत नाहीत. सार्वजनिक रस्त्याला तो न्याय लावता येत नाही. कायद्यानेही तसेच ठरविले. अमेरिकेत २०१२ च्या नमुन्यांपासून, तर युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना स्थैर्य-नियंत्रण सक्तीचे झाले. २०१३ ची नवी वायपरसुद्धा ते घेऊनच आली.

यंत्रणेला मर्यादाही आहेत. टायरची पकड संपली की ती हतबल होते, आणि सुट्या खडीवर ए.बी.एस.मुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते.

हा विषय केवळ धनिकांच्या गाड्यांचा नाही. भारतात १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. बंधनकारक आहे, आणि आपल्याकडील तरुणांची स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा हीच मोटारसायकल. पावसाळ्यात चोर्ला घाटात ब्रेक दाबताना पेडलला किंवा हातातील दांडीला थरथर जाणवली, तर घाबरून ब्रेक सोडू नये. यंत्रणा काम करीत असल्याची ती खूण आहे. चावी फिरविताच ए.बी.एस.चा पिवळा दिवा लागतो व गाडी चालू लागल्यावर विझतो. तो विझला नाही, तर गाडी कारागिराकडे दाखवून घ्यावी.