हजेरीच्या वहीतलं गणित

पोलीस ठाण्यात शिरलं की समोर ठाणे अंमलदाराची खुर्ची दिसते. दिवाळी असो, धो धो पाऊस असो, पहाटेचे तीन असोत, ती रिकामी ठेवता येत नाही. आठवड्याचे तास १६८, म्हणजे ही एकटी खुर्ची आठवड्याला १६८ तास माणूस मागते. ती किती जणांनी मिळून सांभाळायची, यावर पोलिसाची झोप, घर आणि नोकरीतलं मन अवलंबून असतं. सत्कार आणि पदकं आपल्याला दिसतात. ड्युट्या लावणाऱ्या अंमलदाराची वही मात्र कुणी उघडत नाही.

वर्षानुवर्षं ड्युटी बारा तासांची होती. सहा दिवस बारा तास म्हणजे ७२. १६८ ला ७२ ने भागलं की एका खुर्चीला सव्वादोनहून थोडी जास्त माणसं लागतात. तीच ड्युटी आठ तासांची केली तर एकाचे आठवड्याला ४८ तास होतात आणि खुर्चीला साडेतीन माणसं लागतात. थोडक्यात, जिथे शंभर जणांत भागत होतं तिथे दीडशे हवेत. रजा, कोर्टाच्या तारखा, प्रशिक्षण, आजारपण यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्यूरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासाने ठाण्यांत आठ तासांच्या पाळ्या लावायच्या तर मंजूर मनुष्यबळ सरासरी १.६८ पट हवं, असं सांगितलं होतं. ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, हेही त्याच अभ्यासातलं.

एवढी माणसं आणायची कुठून? भरती हे सरळ उत्तर, पण मैदानी चाचणीपासून प्रशिक्षण संपेपर्यंत बराच काळ जातो. दुसरा मार्ग म्हणजे आहे तीच माणसं नव्याने मांडणं. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात हेच करून पाहिलं गेलं. दत्ता पडसलगीकर तेव्हा पोलीस आयुक्त होते आणि आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा ठाण्यातल्याच एका शिपायाने मांडला होता. मला या कथेत हे सर्वांत मोलाचं वाटतं. कोणती खुर्ची खरंच चोवीस तासांची आहे आणि कोणती नुसत्या सवयीने भरली जाते, हे मंत्रालयातून दिसत नाही. ते हजेरीला उभ्या राहणाऱ्याला दिसतं. पुढे हे प्रारूप टप्प्याटप्प्याने शहरातल्या इतर ठाण्यांत गेलं.

ते तसंच टिकलं मात्र नाही. मे २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा नवा आदेश निघाला: पन्नाशीपुढच्यांना आठ तास ड्युटी आणि सोळा तास विश्रांती, पन्नाशीच्या आतल्यांना बारा तास ड्युटी आणि चोवीस तास विश्रांती. पहिल्यांदा वाचताना तरुणांवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. कागदावर मांडून बघा. साप्ताहिक सुट्टी बाजूला ठेवली तर दोन्ही पद्धतींत आठवड्याला ५६ तासच भरतात आणि एका खुर्चीला बरोबर तीन माणसं लागतात. फरक पडतो तो फेऱ्यांत. आठ-सोळामध्ये तीन आठवड्यांत ठाण्याला २१ फेऱ्या होतात, बारा-चोवीसमध्ये १४. बदलापूर किंवा विरारहून लोकलला लटकून येणाऱ्याला या सात फेऱ्या किती जड असतात, हे त्यालाच विचारावं. शिवाय आठ तासांची पाळी मध्यरात्री सुटली आणि शेवटची लोकल हुकली, तर उरलेली विश्रांती फलाटावरच जाते. बारा-चोवीसचंही दुखणं आहे. छत्तीस तासांचं चक्र असल्यामुळे आज दिवसपाळी केली की पुढची रातपाळी येते, आणि शरीराला झोपेची एक वेळ सापडत नाही. पन्नाशीनंतर ते सोसत नाही, म्हणून वयाची रेघ.

मग येतो बंदोबस्त. गणपती, निवडणूक, मोर्चा, एखादा मोठा सामना. साप्ताहिक सुट्ट्या रद्द होतात, होमगार्ड आणि राज्य राखीव दलाच्या तुकड्या येतात, तरी पाळ्यांची घडी मोडतेच. बंदोबस्त संपल्यावर ती पुन्हा बसवायला कुणी तरी हट्टी अधिकारी लागतो, आणि तो बदलून गेला की वही जुन्या वळणावर जाते. आपल्याकडे पोलीस शिपाई सहसा राजीनामा देत नाही. सरकारी नोकरी सोडायची कुणी? तो ‘साइड ब्रँच’ मागतो, म्हणजे जिथे लोकांची वर्दळ आणि रातपाळी कमी अशी शाखा. गळती होते ती अशी, खात्यातल्या खात्यात, आणि ठाण्यात उरलेल्यांची ड्युटी आणखी लांबते.

महिला कर्मचाऱ्यांची ड्युटी जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर आठ तासांची करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी पोलिसांच्या किरकोळ रजा बारावरून वीस झाल्या. रजा वाढल्या ते चांगलंच झालं, पण त्या मंजूर व्हायला खुर्चीवर दुसरं कुणी बसायला हवं.

म्हणूनच मी पोलीस वसाहतींच्या प्रश्नाकडे मनुष्यबळाचा प्रश्न म्हणून बघतो. जाण्यायेण्याला चार तास लागणाऱ्याला ठाण्यापासून अर्ध्या तासावर घर मिळालं, तर प्रत्येक फेरीमागे तीन तास वाचतात. बारा-चोवीसच्या १४ फेऱ्यांत ते ४२ होतात. तीन आठवड्यांत ४२ तास झोप, आणि वहीत एकही नवं नाव लिहावं लागत नाही.