सातूचा दाणा आणि वहीतला जिना

शाळेत असताना आम्ही इतिहासाच्या वहीत एक जिना काढीत असू. पहिली पायरी विस्तव, दुसरी शेती, तिसरी गाव. माणूस वरवरच चढत गेला असे आम्ही शिकलो आणि पुढे शिक्षक होऊन तसेच शिकवले. आता निवृत्तीनंतर, उइटहॉर्नला आम्स्टेल नदीच्या काठी बसून वाचताना, तो जिना पुन्हा तपासावासा वाटतो.

पहिली पायरी फार जुनी. इस्रायलच्या उत्तरेस गेशेर बनोत याकोव येथे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची जळालेली गारगोटी, लाकूड व बिया सापडल्या आहेत.

दुसरी पायरी एका दिवसात चढली गेली नाही. १९८९ साली किन्नेरेतचे पाणी ओसरले, तेव्हा ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांचे अवशेष उघडे पडले. ते लोक रानटी सातू गोळा करून दगडावर वाटीत. सातू म्हणजे आपल्या सात पिकांपैकी ‘सेओरा’. रानटी सातूचे कणीस पिकताच दाणे गळून पडतात. ज्या कणसाचे दाणे गळत नसत, ते माणसाच्या हाती अधिक लागे आणि तेच पुन्हा पेरले जाई. असे होत होत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेतातला सातू तयार झाला.

तिसऱ्या पायरीसाठी आपल्या महाराष्ट्रात चला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास वसलेल्या या गावाचे मुख्य पीक सातूच होते. पुराचे पाणी वळवण्यासाठी लोकांनी चर खोदला, बांध घातला. घरे चौकोनी होती. एक तर पाच खोल्यांचे आणि शेजारी धान्याचे कोठार!

परंतु इ.स.पूर्व १००० नंतर पाऊस कमी झाला, असे अभ्यासक मानतात. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

म्हणजे जिना उतरावाही लागतो. इथे आमच्या भोवतालची शेते समुद्रसपाटीखाली आहेत. बांध आणि पंप चालू आहेत तोवरच ती कोरडी. इनामगावकरांना पाणी पुरले नाही, इथे ते आवरावे लागते.

आमचे जुने विद्यार्थी हे वाचीत असतील, तर त्यांनी वहीतल्या त्या जिन्याला खाली जाणारा एक बाणही काढावा. तो आम्ही शिकवायचा विसरलो होतो.