विश्लेषण : पाणथळ जागेपासून ५० मीटरची रेषा नेमकी कुठून मोजतात? घर घेणाऱ्याने ती का समजून घ्यावी?

‘लेक व्ह्यू’, ‘क्रीक व्ह्यू’ अशा नावांच्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती नवी मुंबईपासून पुण्यापर्यंत सगळीकडे दिसतात. तळे किंवा खाडी खिडकीतून दिसावी यासाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो. मात्र त्या पाण्याच्या किती जवळ इमारत उभी राहू शकते, याला कायद्याची मर्यादा आहे. ही मर्यादा कागदावर सोपी दिसते, जमिनीवर मात्र तिच्यावरूनच वाद होतात.

पाणथळ जागा कशाला म्हणतात?

तळी, दलदल, खाडीकाठचा चिखलपट्टा, खारफुटी अशा वर्षभर किंवा काही काळ पाण्याखाली राहणाऱ्या जागा पाणथळ मानल्या जातात. समुद्राचे पाणी असेल तर ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोली असलेला भागही त्यात येतो. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ही व्याख्या आहे. भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही तीन रामसर स्थळे आहेत, तर गोव्यात नंदा तळे आहे.

५० मीटरचा नियम काय आहे?

केंद्र सरकारच्या ‘पाणथळ जागा (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, २०१७’नुसार पाणथळ जागेत भराव घालणे, अतिक्रमण करणे, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. त्याचबरोबर पूरपातळीच्या रेषेपासून ५० मीटरपर्यंत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. त्याला अपवाद फक्त बोटींच्या धक्क्याचा आहे.

ही रेषा कशी ठरते?

५० मीटर हे अंतर आज दिसणाऱ्या पाण्याच्या काठापासून मोजायचे नाही. दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळी त्यासाठी धरली जाते आणि ही दहा वर्षे नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मोजायची आहेत. म्हणजे मे महिन्यात तळे आटलेले असताना टेप लावून काढलेले अंतर इथे उपयोगाचे नाही. नंतर भराव टाकून काठ मागे ढकलला, तरी कायद्याने मूळ रेषा हलत नाही.

सपाट जमिनीवर पातळीतला छोटा फरकही मोठा ठरतो. समजा काठावरच्या जमिनीला १०० मीटरमागे एक मीटर एवढाच उतार आहे. तिथे पूरपातळी ३० सेंटीमीटरने कमी दाखवली, तर रेषा ३० मीटर आत सरकते आणि तेवढा पट्टा बांधकामासाठी मोकळा होतो. म्हणूनच पूरपातळीचा आकडा कोणी आणि कधी नोंदवला, हा कळीचा प्रश्न असतो.

मग पळवाट कुठे आहे?

२०१७चे नियम रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागांनाच लागू होतात. अधिसूचनाच निघाली नसेल, तर या नियमांचे थेट संरक्षण मिळत नाही. शिवाय भातशेती, नदीपात्र, मिठागरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे ‘ही पाणथळ जागा नाहीच’ हा युक्तिवाद जवळपास प्रत्येक वादात पुढे येतो.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशातील २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. पुढे उपग्रह नकाशात अशा जागांची संख्या २,३१,१९५ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करण्यास राज्यांना सांगितले. त्याहून लहान तळी या आकड्यात नाहीत आणि शहरांच्या वेशीवर आधी बुजतात ती बहुतेकदा हीच.

किनाऱ्यावर नियम वेगळे का?

सीआरझेड, वन आणि वन्यजीव कायद्यांखाली येणारी क्षेत्रे २०१७च्या नियमांतून वगळली आहेत, कारण तिथे त्या त्या कायद्याच्या तरतुदी लागू होतात. सीआरझेडनुसार १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा बफर ठेवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये राज्यातील खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे आदेश दिले. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याभोवती स्वतंत्र पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. म्हणजे एकाच खाडीकाठी तीन वेगवेगळ्या नियमावलींच्या रेषा असू शकतात.

बफर वाढवला तर प्रश्न सुटेल?

बेंगळूरुमध्ये तसा प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तिथल्या तलावांभोवतीचा बफर ३० मीटरवरून ७५ मीटर केला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सरसकट आदेश रद्द केला. शहराच्या विकास आराखड्यात कायद्याने ठरलेले अंतर लवाद बदलू शकत नाही, असा त्याचा आधार होता. थोडक्यात, बफर टिकवायचा तर तो आराखड्यात आणि अधिसूचनेतच यावा लागतो.

तिथे आला तरी केवळ अंतर पुरत नाही. नेरुळच्या डीपीएस तलावाजवळ एप्रिल २०२४ मध्ये फ्लेमिंगो मृतावस्थेत आढळले, तेव्हा भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली होती. काठावर एक वीटही रचली नाही, पण खाडीकडून येणारी मोरी बुजली, तर तळे आतून मरते. राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. २०१७च्या नियमांत यासाठी ‘प्रभाव क्षेत्र’ ही तरतूद आहे. पाणलोटातील ज्या भागात बांधकाम केल्याने पाणथळ जागेचे नुकसान होते, तो भाग त्यात आखायचा असतो. ५० मीटरच्या आकड्यापुढे या तरतुदीची चर्चा फारशी होत नाही.

याचा रहिवाशांशी काय संबंध?

पाणथळ जागा पावसाचे जादा पाणी साठवून हळूहळू सोडते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की खाडीकाठच्या शहरातील नाल्यांचे पाणी बाहेर पडू शकत नाही. त्या काही तासांत पाणी थांबायला जागा लागते. ती भरावाखाली गेली, तर तेच पाणी तळमजल्यात आणि पार्किंगमध्ये शिरते.

घर घेण्यापूर्वी काय तपासावे?

* महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाची कागदपत्रे आणि मंजूर नकाशा पाहा. त्यात जलाशय, नाला किंवा सीआरझेड रेषा दाखवली आहे का, ते तपासा.
* बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीपत्र आणि त्यातील अटी ‘परिवेश’ पोर्टलवर मिळतात.
* गूगल अर्थवर त्या जागेची जुनी, विशेषतः पावसाळ्यानंतरची चित्रे पाहा. भराव कधी पडला, हे बहुतेकदा तिथेच दिसते.
* विक्री प्रतिनिधीला ‘तलाव किती लांब आहे’ एवढेच विचारू नका. अंतर कोणत्या रेषेपासून मोजले आणि ती रेषा कोणी आखली, हे लेखी मागा.

कोकण विभागात भराव किंवा अतिक्रमण दिसल्यास उच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या पाणथळ तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते. विभागीय आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. तक्रार करताना तारखेसह फोटो आणि नकाशावरील ठिकाण जोडावे. भराव पडून गेल्यावर तिथे आधी पाणी होते हे सिद्ध करणे अवघड जाते, त्यामुळे पहिला डंपर दिसताच तक्रार करणे महत्त्वाचे.