घाटातला एक तास

समजा, तुम्ही परळला राहता आणि पुण्यापलीकडच्या गावी आजोबांकडे निघाला आहात. दादरहून गाडी दुपारी 1 वाजता. पुण्याहून गावाला एस.टी. दोनच, 4.15 ची आणि शेवटची 4.45 ची. कोणती मिळेल? (खऱ्या वेळा वेळापत्रकातच पाहाव्यात!)

दादर ते पुणे 183 किलोमीटर. सपाटीवर गाडीचा वेग ताशी 62 किलोमीटर धरू. एक विद्यार्थी म्हणतो, "तीन तास पुरेत, 4.15 ची मिळेल." पण कर्जत ते लोणावळा हा 28 किलोमीटरांचा बोरघाट तो विसरला. तेथे वेग ताशी 28 धरू. दुसरा विद्यार्थी 62 आणि 28 यांची सरासरी 45 काढतो. त्याच्या हिशेबाने चार तासांहून अधिक लागतात आणि दोन्ही एस.टी. चुकतात! ही चूक वर्गात दरवर्षी भेटते. वेगांची अशी सरासरी चालत नाही. प्रत्येक टप्प्याचा वेळ काढून बेरीज करायची. सपाटीचे 155 किलोमीटर अडीच तासांत, घाट एका तासात. गाडी 4.30 ला पोचेल.

घाटात वेग का घटतो? 1863 साली खुल्या झालेल्या या मार्गावर सर्वांत तीव्र चढ 37 स 1 आहे. 37 मीटर जाताना 1 मीटर वर. तेथे 740 टनांच्या गाडीला सुमारे 20 टन वजनाइतके बल मागे खेचते. म्हणून कर्जतला अनेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. त्यात जाणारी मिनिटे आपण धरलेली नाहीत. ती किती झाली, तर 4.45 चीही चुकेल?